बट्ट्यापासून मिनिमम बॅलन्सपर्यंत

नागपूर महानगर आहे का? हा प्रश्न बँकेच्या नियमांना विचारला तर दोन उत्तरं मिळतात, आणि दोन्ही रिझर्व्ह बँकेच्याच चौकटीतून आलेली आहेत.

शाखांची वर्गवारी लोकसंख्येवर होते. दहा हजारांच्या आत ग्रामीण, एक लाखाच्या आत निमशहरी, दहा लाखांच्या आत शहरी आणि त्यावर महानगरी. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती. म्हणजे मनीषनगरातली शाखा महानगरी, आणि जी बँक वर्गवारीप्रमाणे मिनिमम बॅलन्स ठरवते तिचा सगळ्यात वरचा आकडा इथल्या खातेदाराला लागतो. एटीएमचं गणित वेगळं. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला किती व्यवहार फुकट, हे ठरवताना मुंबई, नवी दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद ही सहाच शहरं महानगरं धरली जातात. तिथे तीन व्यवहार फुकट, उरलेल्या देशात पाच. इथे नागपूर उरलेल्या देशात. पाचनंतर प्रत्येक वेळी जास्तीत जास्त २३ रुपये आणि वर कर, हा दर १ मे २०२५ पासूनचा.

म्हणजे एकच खातेदार शिल्लक ठेवताना महानगरात राहतो आणि पैसे काढताना लहान शहरात. यात कुणाचा कट नाही. दोन नियम वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी झाले, एवढंच. पण यावरून एक गोष्ट कळते. बँकेचं शुल्क हा काही निसर्गनियम नाही. ते कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी कारणाने ठरवलेलं असतं, आणि लोकांनी ओरड केल्यावर बदललेलंही असतं. खातं कुठे ठेवावं हे ठरवायचं असेल तर दरपत्रकाआधी हा इतिहास माहीत असलेला बरा.

इतवारीचा सराफ

पैसे ठेवायला, मोडायला आणि पाठवायला पैसे लागतात, ही गोष्ट बँकांपेक्षा जुनी आहे. भोसल्यांच्या काळात विदर्भातल्या बाजारात एकच रुपया चालत नव्हता. नागपूरकरांचा रुपया होता, निजामाच्या वऱ्हाडाकडून येणारा हाली सिक्का होता, कंपनी सरकारचा रुपया होता. नाणं झिजलेलं असेल, चांदी कमी असेल किंवा टाकसाळ परकी असेल, तर सराफ त्याची किंमत कमी धरायचा. ही कपात म्हणजे बट्टा. नाणं बदलून देण्याच्या या व्यवहाराला वटाव असाही शब्द होता. आज आपण ‘चेक वटला’ म्हणतो आणि ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो, ते त्याच पेढीवरून आलेलं बोलणं आहे.

पैसा दूर पाठवायचा तर हुंडी. इतवारीत रोख भरायची, सराफ चिठ्ठी लिहून देणार, ती मुंबईच्या किंवा बनारसच्या पेढीवर दाखवली की तिथे रक्कम मिळणार. चिठ्ठी दाखवताच पैसे मिळायचे असतील तर दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी मिळायचे असतील तर मुदती. या सेवेचं शुल्क म्हणजे हुंडणावळ. रस्ता लांब असेल, दंगाधोपा असेल किंवा त्या गावी पैशाची चणचण असेल, तर हुंडणावळ चढायची. आजच्या भाषेत सांगायचं तर ट्रान्स्फर फी, आणि तीही मागणीप्रमाणे बदलणारी.

ऑरेंज लाइनच्या मेट्रोत उज्ज्वलनगरला बसून कस्तुरचंद पार्कला उतरलात तर याच जगाची एक खूण दिसते. ज्या सर कस्तुरचंद डागांचं नाव त्या मैदानाला आहे, ते कामठीच्या ‘बन्सीलाल अबीरचंद’ या पेढीचे. रिझर्व्ह बँकेचं नागपूर कार्यालय तिथून जवळच, संविधान चौकात आहे. पेढीवाल्याचं मैदान आणि सरकारी बँकांची बँक यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर आहे. इतिहासाने मात्र ते अंतर कापायला बराच वेळ घेतला.

पेढीच्या व्यवस्थेत एक गोष्ट चांगली होती. किंमत तोंडावर सांगितली जायची. बट्टा किती, हुंडणावळ किती, हे आधी ठरायचं आणि मग व्यवहार व्हायचा. वाईट गोष्ट ही की घासाघीस करायची ताकद मोठ्या व्यापाऱ्याकडेच होती. शेतकऱ्याला, मजुराला सांगितला तो भाव घ्यावा लागे. आणि महिन्याला आठ आणे, रुपया मागे टाकणाऱ्याचे पैसे ठेवायला पेढीवर जागाच नव्हती. ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मिळाली १ एप्रिल १८८२ ला, पोस्टाची बचत बँक सुरू झाली तेव्हा.

अकोल्याची लक्ष्मी बँक

विसाव्या शतकात बँका वाढल्या. पुण्यात १९३५ साली बँक ऑफ महाराष्ट्र नोंदली गेली. गावोगावच्या व्यापाऱ्यांनी, वकिलांनी आपापल्या बँका काढल्या. १९५१ साली देशात ५६६ बँका होत्या. तेव्हाच्या खातेदारापुढचा प्रश्न ‘कुठली बँक कमी शुल्क घेते’ हा नव्हता. ‘कुठली बँक पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेल’ हा होता.

विदर्भाला याचं उत्तर १९६० साली मिळालं. त्या वर्षी दोन बँका बुडाल्या. एक केरळातली पालई सेंट्रल बँक आणि दुसरी अकोल्याची लक्ष्मी बँक. पालईचं नाव अर्थशास्त्राच्या पुस्तकांत जास्त येतं, कारण ती मोठी होती आणि तिच्यावरून संसदेपर्यंत गदारोळ झाला. लक्ष्मी बँक आपल्याकडेही फारशी आठवली जात नाही. खरं तर भारतातल्या प्रत्येक खात्यावर आज जो विमा आहे, त्याच्या जन्मकथेत अकोल्याचं नाव आहे.

या दोन बँकांनंतर सरकार हललं. कमकुवत बँकांचं सक्तीने विलीनीकरण करायचे अधिकार वापरले जाऊ लागले. याच लाटेत बँक ऑफ नागपूर ही बँक ऑफ महाराष्ट्रात गेली. आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. अमेरिकेत असा विमा १९३० च्या दशकातल्या मंदीनंतर आला होता. आपल्याकडे पहिली मर्यादा होती माणशी १,५०० रुपये. ती १९६८ साली ५,००० झाली, १९७० साली १०,०००, १९७६ साली २०,०००, १९८० साली ३०,००० आणि १९९३ साली एक लाख. त्यानंतर सत्तावीस वर्षं ती तिथेच थांबली.

पुढे ती हलली, त्याआधीही महाराष्ट्रातलीच एक बँक अडचणीत आली होती. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येत होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा पाच लाख झाली. २०२१ साली कायदा बदलला आणि निर्बंध आलेल्या बँकेतल्या ठेवीदाराला ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळायची तरतूद झाली.

बुडालेल्या बँकेत खातेदार जे गमावतो, ते सगळ्यात मोठं बँक शुल्क. मिनिमम बॅलन्सच्या दंडाला आपण शिव्या देतो, पण १९६० च्या अकोल्यात असा दंड लावणारी आणि टिकणारी बँक लोकांना चालली असती.

दहा तारखेची गोष्ट

१९ जुलै १९६९ ला चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. बँक ऑफ महाराष्ट्र त्यात होती. शाखा तालुक्याला, मग मोठ्या गावांना पोचल्या. आपल्या आईवडिलांची पिढी या बँकांबद्दल जिव्हाळ्याने बोलते. पितळी टोकन, हाताने भरलेलं पासबुक, ‘तेव्हा काही कटत नव्हतं’ हे वाक्य. ते वाक्य पूर्ण खरं नाही. कटत होतं, पण दिसत नव्हतं.

एक तर खातं उघडायला ओळख लागायची. त्याच शाखेतल्या जुन्या खातेदाराने फॉर्मवर सही करायची. गावातून नवीन आलेल्या माणसाने असा खातेदार आणायचा कुठून? ही किंमत रुपयांत मोजता येत नाही, पण ती होती.

दुसरी किंमत मोजता येते. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरचं व्याज रोजच्या शिलकीवर मिळत नव्हतं. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी रक्कम असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. समजा दहा तारखेला खात्यात ८,००० आहेत. पंचवीसला शाळेची फी, किराणा आणि भाडं देऊन ३०० उरले. पूर्ण महिन्याचं व्याज ३०० रुपयांवर. बारा तारखेला दहा हजार भरले, तर ते त्या महिन्यात धरलेच जात नव्हते.

ज्याचा पैसा खात्यात नुसता पडून राहतो, त्याला या पद्धतीने काही फरक पडत नव्हता. ज्याचा पगार येतो आणि महिनाअखेरीला संपतो, त्याला व्याज जवळपास मिळतच नव्हतं. पासबुकात ‘दंड’ असा शब्द कुठेच नव्हता. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं. संगणकीकरण झालं नसतं तर लाखो खात्यांचा रोजचा हिशेब कुणी ठेवला असता, हेही खरं.

म्हणजे जुन्या बँकेत लहान खातेदार व्याज न मिळण्यातून किंमत देत होता, आणि नवीन बँकेत तो ती दंडातून देऊ लागला. पैसे जाणारा माणूस तोच राहिला.

सतराशे एकाहत्तर कोटी

१९९९ पर्यंत बँकांची सेवाशुल्कं साधारण एकसारखी असत, कारण बँकांची संघटना, म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन, ती ठरवून देत असे. सप्टेंबर १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे थांबवलं. प्रत्येक बँकेने आपल्या संचालक मंडळाच्या मंजुरीने शुल्क ठरवावं, असं ठरलं. खासगी बँका वाढत होत्या, स्पर्धेने दर उतरतील असा विचार होता. काही दर उतरलेही. पण दरपत्रकं लांबत गेली.

मग रिझर्व्ह बँक एकेक कुंपण घालत गेली. नोव्हेंबर २००५ मध्ये बँकांना शून्य किंवा अगदी कमी शिलकीचं साधं खातं द्यायला सांगितलं. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याच्या जागी मूलभूत बचत खातं आलं, ज्याला बीएसबीडी खातं म्हणतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये मिनिमम बॅलन्सच्या दंडाचे नियम आले, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. शिल्लक कमी पडली तर आधी कळवायचं, भरायला किमान एक महिना द्यायचा, दंड तुटीच्या प्रमाणात लावायचा, आणि केवळ दंडामुळे खातं उणे होता कामा नये.

एप्रिल २०१७ मध्ये स्टेट बँकेने पाच वर्षांनी हा दंड पुन्हा सुरू केला. महानगरी शाखेत ५,००० रुपये सरासरी शिल्लक हवी होती. तेव्हाच्या अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य यांनी जनधन खात्यांच्या खर्चाचं कारण दिलं होतं. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. शाखा, माणसं, रोकड यांना पैसे लागतात आणि कोट्यवधी शून्य शिलकीची खाती सांभाळायचा भार सरकारी बँकांवर जास्त होता. पण त्याचा परिणाम काय झाला? अगदी गरिबाचं जनधन खातं दंडातून सुटलं, श्रीमंताची शिल्लक मुळात पुरेशी होती, आणि पाच हजार ठेवता न येणारा मधला माणूस सापडला. विद्यार्थी, पेन्शनवाली आजी, नोकरी सुटलेला मुलगा.

एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत या दंडाचे १,७७१ कोटी रुपये जमा झाले. बँकेच्या त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीच्या नफ्यापेक्षा, म्हणजे १,५८१ कोटींपेक्षा ही रक्कम जास्त होती. आकडा बाहेर आला आणि ओरड झाली. शिलकीची अट ३,००० वर आधीच आली होती, १ एप्रिल २०१८ पासून दंडही बराच कमी झाला, आणि ११ मार्च २०२० ला स्टेट बँकेने सगळ्या बचत खात्यांवरून तो काढूनच टाकला. बाकीच्या सरकारी बँका घेत राहिल्या. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी अशा दंडातून सुमारे साडेआठ हजार कोटी मिळवल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. मग १ जून २०२५ ला कॅनरा बँकेने तो बंद केला. त्यानंतर महिनाभरात पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा त्याच वाटेने गेल्या. ठेवी मिळवणं अवघड झालेल्या काळात खातेदाराला दुखवणं परवडत नाही, हे त्यामागचं कारण असावं.

त्याच ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरी आणि महानगरी शाखांतल्या नव्या खात्यांसाठी अट १०,००० वरून ५०,००० वर नेली. टीका झाली, आणि काही दिवसांतच ती १५,००० वर आली. मिनिमम बॅलन्स किती असावा हे ठरवणं आमच्या नियमनात येत नाही, ते बँकांनी ठरवावं, असं रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी त्याच सुमारास सांगितलं. १९९९ चा निर्णय अजून जिवंत आहे.

मग खातं कुठे?

मनीषनगरात वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरहून आलेली, मिहानमध्ये नोकरी करणारी मुलंमुली भरपूर. पहिल्या कंपनीने एका बँकेत पगाराचं खातं उघडलं, दुसरीने दुसऱ्या, तिसरीने तिसऱ्या. पगार यायचा थांबला की काही महिन्यांनी पगाराचं खातं साधं बचत खातं होतं आणि शून्य शिलकीची सवलत गळून पडते. मिनिमम बॅलन्सचा दंड बहुतेकदा इथे लागतो. त्यामुळे नोकरी बदलताना जुनं खातं एक तर बंद करावं किंवा त्याच बँकेत लेखी अर्ज देऊन बीएसबीडी खात्यात बदलून घ्यावं. १ एप्रिल २०२४ पासून, दोन वर्षं व्यवहार नसलेल्या निष्क्रिय खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. पण त्याआधीच्या दोन वर्षांत खातं चाटून पुसून साफ होऊ शकतं.

बीएसबीडी खातं फक्त गरिबांसाठी आहे, हा गैरसमज आहे. ते कुणालाही मागता येतं. पूर्ण केवायसी असेल तर त्यात किती पैसे ठेवायचे यावर बंधन नाही. एटीएम कार्ड फुकट, पैसे भरायला मर्यादा नाही, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. एक अट आहे. त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. काउंटरवर ‘झिरो बॅलन्स’ म्हणालात तर भलतंच डिजिटल खातं हातात येऊ शकतं. म्हणून नाव घेऊन मागावं.

दंड असलेल्याच बँकेत राहायचं असेल तर सरासरीचं गणित समजून घ्या. सॉफ्टवेअरवाल्याला हे लूपसारखं दिसतं. रोज रात्रीची शिलक मोजायची, महिनाभर बेरीज करायची, दिवसांनी भागायचं. १०,००० ची अट म्हणजे तीस दिवसांत तीन लाख ‘रुपये-दिवस’. पगाराचे ३०,००० पाच दिवस राहिले, दीड लाख झाले. भाडं आणि घरी पाठवून १२,००० पुढचे पाच दिवस राहिले, साठ हजार. मग उरलेले वीस दिवस ४,५०० राहिले, नव्वद हजार. बेरीज बरोबर तीन लाख. वीस दिवस साडेचार हजारांवर काढूनही सरासरी पूर्ण. मात्र पगार आल्या दिवशीच सगळे पैसे म्युच्युअल फंडाला आणि भाड्याला गेले तर हे जमत नाही. हप्त्याची तारीख पाच-सहा दिवस पुढे ढकलणं हा कुठलीही बँक न बदलता करता येणारा उपाय आहे.

अडकलेल्या पैशाचाही खर्च धरा. अडीच टक्के व्याजाने १०,००० वर्षभर पडून राहिले तर २५० मिळतात. साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ६५० मिळाले असते. म्हणजे दंड कधीच न लागलेलं खातंही वर्षाला ४०० रुपयांना पडतं. त्या बदल्यात जवळची शाखा, लॉकर किंवा चांगलं ॲप मिळत असेल तर सौदा वाईट नाही. पण तो सौदा आहे, हे माहीत हवं.

आणि शुल्क वाचवताना अकोला विसरू नये. २००२ साली होम ट्रेड या दलाल कंपनीमार्फत केलेल्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारात नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सव्वाशे कोटी अडकले. सगळ्यात जास्त झळ शेतकरी सभासदांना बसली. त्या बँकेत खातं ठेवणाऱ्यांनी एटीएमचे किती रुपये वाचवले, याला तेव्हा काही अर्थ उरला नव्हता. आज विमा बँकेमागे, माणशी पाच लाखांचा आहे. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतली रक्कम व्याजासकट एकत्र मोजली जाते. परवानाधारक सहकारी बँकांना तो लागू आहे. पतसंस्थेला नाही. नाक्यावरच्या पतसंस्थेत कसलंच शुल्क कटत नाही आणि व्याज दोन टक्के जास्त मिळतं, तेव्हा विमा नसण्याची ती किंमत असते.

तेव्हा खातं उघडताना काउंटरवर चार गोष्टी विचाराव्यात. ही शाखा कुठल्या वर्गात मोडते? मनीषनगर ओलांडून बेसा-पिपळाकडे गेलं की महापालिकेची हद्द संपते आणि शाखेचा वर्ग बदलू शकतो. सरासरी शिल्लक महिन्याची धरता की तिमाहीची? एसएमएस आणि कार्डाचे वर्षाला किती कापता? खातं बंद करताना काय लागेल? इतवारीच्या पेढीवर बट्टा किती हे विचारल्याशिवाय कुणी नाणं पुढे करत नसे. प्रश्न विचारल्याने तेव्हा कुणाचा अपमान होत नव्हता, आजही होत नाही. आणि उत्तर तोंडी मिळालं तर ते दरपत्रकावर बोट ठेवून दाखवा, असं म्हणावं.